गॅस पूर्ण भरा

दरवर्षी एप्रिलमध्ये बदलापूरच्या तापमानाची बातमी होते. बदलापूरजवळच्या आम्हा चामटोलीकरांना तिचा थोडा अभिमानही वाटतो, कारण एरवी पेपरात आमचं नाव यायचं तर पूर यावा लागतो. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्या शिवाराजवळ पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, तेव्हा एक दिवस आम्ही देशभर गाजलो होतो. उन्हाळ्यात मात्र पारा स्वतःच्या हिमतीवर चाळिशी ओलांडतो. समुद्रावरून निघालेला वारा ठाणे, डोंबिवली, कल्याण करत आमच्याकडे पोचेपर्यंत दुपार उलटून गेलेली असते आणि त्याच्यात दमही उरलेला नसतो.

अशा ठिकाणी गाडीतला एसी ही चैन राहत नाही. चामटोलीतला माणूस सकाळी गाडी बदलापूर स्टेशनाजवळ कुठेतरी उन्हात लावतो, लोकलमध्ये दोन्ही पाय टेकवायला जागा शोधत मुंबईला जातो आणि संध्याकाळी परत येतो. तोवर स्टिअरिंग हात लावू देत नाही. तो एसी चालू करतो. आतून गरम हवा येते. मग तो शेजारच्याला ते ऐतिहासिक वाक्य ऐकवतो : "गॅस संपला वाटतं."

गाडीच्या एसीतला गॅस संपत नाही. तो पेट्रोलसारखा जळत नाही, झिजत नाही, शिळाही होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढची जाळी, म्हणजे कंडेन्सर, त्याची उष्णता बाहेर फेकून त्याला द्रव करते, एका बारीक व्हॉल्व्हमधून तो सुटतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि उकळताना आपल्या केबिनची उष्णता पिऊन घेतो. पुन्हा कॉम्प्रेसर. तोच गॅस, तीच फेरी, वर्षानुवर्षं. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळलाय आणि ती जागा बुजवल्याशिवाय नवा भरण्यात अर्थ नाही. पण स्वयंपाकघरातला सिलिंडर ठरल्या मुदतीत संपतो हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलोय. त्यामुळे "दोन वर्षं झाली, आता गॅस भरायला हवा" हे आम्ही अशा शांतपणे म्हणतो की एसीवाल्यालाही ते मोडवत नाही. त्याने का मोडावं? दर एप्रिलला गिऱ्हाईक आपल्या पायांनी येतंय.

गळतीबद्दलही आमची स्वतंत्र मतं आहेत. एसी लावून उभ्या केलेल्या गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं की सोसायटीतला निदान एक माणूस खाली वाकतो, बोट बुडवतो, वास घेतो आणि जाहीर करतो, "गॅस लीक आहे." ते पाणी हवेतलं असतं. थंड कॉइलवर दव धरतं आणि नळीतून खाली ठिबकतं. उलट ते ठिबकत नसेल तेव्हा काळजी करावी. खरी गळती पाण्याने कळत नाही, तेलाने कळते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल सगळ्या पाइपांतून फिरत असतं. गॅस जिथून निसटतो तिथे तेलाचा पुसटसा ओलावा येतो, त्यावर धूळ बसते आणि सांध्यावर एक काळपट तेलकट डाग तयार होतो. चामटोलीत चहूबाजूंना बांधकामं चालू असल्याने धुळीचा पुरवठा मुबलक आहे, म्हणजे निदानाच्या दृष्टीने आम्ही भाग्यवान. पण तो डाग बघायला बॉनेट उघडावं लागतं आणि आमचं घोडं नेमकं तिथे पेंड खातं.

बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा समोरच्या पत्र्यावर तळहाताएवढा एक स्टिकर असतो. त्यावर गॅस कोणता, किती ग्रॅम आणि बऱ्याच गाड्यांत तेल कोणतं, हे छापलेलं असतं. छोट्या गाडीवर लिहिलेलं असतं : एचएफसी १३४ए, ३८० ग्रॅम, वीस इकडे किंवा तिकडे. संपला विषय. एवढं वाचायचं सोडून आम्ही मेव्हण्याला विचारतो, रिक्षावाल्याला विचारतो, ज्याच्याकडे गाडीच नाही अशा गृहस्थालाही विचारतो. या शेवटच्याचा सल्ला सर्वांत सविस्तर असतो. सेकंडहँड गाडीत तर स्टिकर सापडणंच मुश्किल. त्यावर कुणी फायनान्स कंपनीचं चिकटवलेलं असतं, कुणी रंगाचा हात फिरवलेला असतो, आणि एका गाडीत तर नेमक्या ग्रॅमच्या आकड्यावर 'शुभ लाभ' चिकटवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या सोसायटीतले एक काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेत. उभी हयात मापात घालवलेली. चहात साखर घालतानाही चमचा सपाट करून घेतात. त्यांचं म्हणणं असं की जुन्या गॅसची सर नव्याला नाही. "आमच्या पद्मिनीला डॅशबोर्डखाली एसी लटकवला होता. पायाला बर्फ लागायचा. तो होता फ्रिऑन!"

काकांचा फ्रिऑन म्हणजे आर-१२. त्याची कुळकथा मोठी आहे. थॉमस मिजली नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने तो पुढे आणला. हा निर्धोक आहे हे पटवायला त्याने १९३० मध्ये भर सभेत छातीभर गॅस ओढला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटत नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध. याच गृहस्थाने त्याआधी पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती काढली होती. एका माणसाने जमिनीवरची हवा आणि आभाळातला ओझोन, दोन्हींची सोय लावली. पुढे १९३९ मध्ये पॅकार्ड कंपनीने गाडीत एसी बसवून दाखवला. त्याला क्लच नव्हता. एसी कायमचा बंद ठेवायचा तर इंजिन थांबवून, खाली उतरून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टाच काढायचा. मला हा जमाना आवडतो. मालक निदान बॉनेट उघडत तरी होते.

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या दोघांनी सांगितलं की हा निर्धोक गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला आणि आपल्यासारख्या देशांना असे गॅस सोडून द्यायला २०१० ची मुदत मिळाली. गाड्यांत त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो वातावरणाच्या साध्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो, ओझोनच्या वाटेला जात नाही आणि आज आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तोच आहे. काकांना हे सगळं मान्य आहे, फक्त ते म्हणतात, "ओझोनचं ठीक आहे हो, पण पाय कुठे गार पडतात?"

आता खरी मेख. गॅस बदलला तसं तेलही बदलावं लागलं, आणि हे कुणी गिऱ्हाइकाला सांगत नाही. इंजिनाला खाली तेलाचं स्वतःचं भांडं असतं. गाडीच्या एसीतलं तेल मात्र गॅसच्या खांद्यावर बसून सगळीकडे फिरतं आणि त्याच्याबरोबरच कॉम्प्रेसरमध्ये परत येतं. त्यामुळे दोघांचं पटणं आवश्यक. आर-१२ चं खनिज तेलाशी उत्तम जमायचं. १३४ए त्या तेलात विरघळतच नाही. जुनं तेल ठेवून नवा गॅस भरला तर गॅस एकटाच फिरून येतो, तेल कुठल्यातरी वळणावर बसून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा घासत मरतो. एसी गार मात्र करत असतो! मरेपर्यंत गार करतो. म्हणून तर गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं आणि दोन महिन्यांनी कॉम्प्रेसरच्या कंपनीला शिव्या घालतं.

१३४ए साठी असतं पॅग तेल. त्यातही ४६, १०० आणि १५० असे नंबर. नंबर जेवढा मोठा तेवढं तेल घट्ट. आमच्याकडे मोठा नंबर म्हणजे भारी माल हा समज पक्का असल्याने छत्तीस हजारांच्या कॉम्प्रेसरपासून भंगारातल्यापर्यंत सगळ्यांना दीडशेचं घाला म्हणणारे लोक आहेत. कुठल्या कॉम्प्रेसरला कुठला नंबर हे तो बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. त्याच्या अंगावरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात ते लिहिलेलं असतं. गाडीचं पुस्तक ही वस्तू डॅशबोर्डच्या कप्प्यात, इन्शुरन्सच्या जुन्या कागदांखाली, प्लास्टिकच्या मूळ पिशवीत असते. पिशवी फाडलेली नसते.

पॅग तेलाची दुसरी खोड म्हणजे ते हवेतली ओल भराभर शोषतं. झाकण उघडं राहिलेली बाटली जुलैत चामटोलीच्या हवेत ठेवली तर तिला वेगळं पाणी पाजावं लागत नाही. हे ओलं तेल आत गेलं की पाणी त्या बारीक व्हॉल्व्हपाशी गोठून वाट अडवतं, शिवाय हळूहळू आम्ल बनून पाइप आतून खातं. सांधे बंद असतात तोवर बाहेरची ओल रबरी पाइपांतून अगदी थोडीच आत झिरपते. खरी ती शिरते दुरुस्तीत, म्हणजे पाइप सोडून कारागीर जेवायला जातो तेव्हा. म्हणूनच काम झाल्यावर पंप लावून आतली हवा आणि ओल खेचून काढायची असते. याला व्हॅक्यूम मारणं म्हणतात. निदान अर्धा तास तरी. तो अर्धा तास आमच्या गिऱ्हाइकाला सोसत नाही. लोकल उशिरा आली तर पाऊण तास मुकाट उभा राहणारा माणूस इथे पाच मिनिटांनी विचारतो, "झालं का? नुसता पंपच चालवताय!" मग कारागीरही माणूसच. तो पंप बंद करतो.

वास्तविक जगातल्या अभियंत्यांनी माणूस ओळखलेला आहे. १३४ए आला तेव्हा त्यांनी गॅस भरायची तोंडंच बदलली, म्हणजे जुन्याची नळी नव्याला लागूच नये. जास्त दाबाच्या बाजूचं तोंड मोठं, कमी दाबाचं लहान, म्हणजे निळी नळी लाल जागी बसू नये. मग आणखी नवा १२३४वायएफ गॅस आला, त्याची तोंडं पुन्हा निराळी. चूक करताच येऊ नये असा बंदोबस्त. पण तो बंदोबस्त करणाऱ्यांनी उल्हासनगर पाहिलेलं नव्हतं. फाळणीनंतर छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी रिकाम्या हातांनी जे शहर उभं केलं, तिथे कुठल्याही दोन न जुळणाऱ्या वस्तू जोडणारा तिसरा तुकडा मिळतो अशी आमची श्रद्धा आहे. 'मेड इन यूएसए'तल्या यूएसएचा खरा विस्तार 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आम्ही लहानपणापासून कौतुकाने ऐकत आलोय. अभियंत्याने तोंड बदललं, आमच्याकडे अ‍ॅडॅप्टर आला.

हा अ‍ॅडॅप्टर संस्कृतीचा प्रश्न आहे, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. पण त्यातून आत काय काय जातं ते ऐकण्यासारखं आहे. कुणी घरच्या जुन्या एसीतला आर-२२ ढकलतं. त्याचा दाब कितीतरी जास्त आणि गाडीचे रबरी पाइप त्यासाठी नाहीत. कुणी स्वस्तात एलपीजीच्या जातीचं मिश्रण भरतं. गंमत अशी की ते गार उत्तम करतं. आपल्या फ्रिजमध्ये आज त्याच जातीचा आर-६००ए असतो आणि गोदरेजने २०१२ मध्ये घरचे एसी आर-२९० वर, म्हणजे प्रोपेनवर, आणले. पण त्या वस्तू तशाच घडवलेल्या असतात. गाडीची कूलिंग कॉइल आपल्या गुडघ्यांसमोर असते. ती फुटली तर गॅस केबिनमध्ये, काचा बंद, आणि शेजारच्या सीटवर साडू सिगारेट पेटवतोय. सगळ्यांत भयंकर म्हणजे १३४ए चं लेबल लावलेला बनावट डबा. त्यात कधी मिथाइल क्लोराइड सापडतं. ते कॉम्प्रेसरच्या अ‍ॅल्युमिनियमशी मिळून असा पदार्थ करतं की हवा लागताच तो भडकतो. २०११ मध्ये अशा भेसळीने रेफ्रिजरेटेड कंटेनरचे स्फोट झाले आणि व्हिएतनाममध्ये माणसं गेली. शंभर रुपये वाचवायला निघालेल्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, बाकी मर्जी.

१२३४वायएफ अजून चामटोलीत फारसा आलेला नाही. युरोपने २०१७ पासून सगळ्या नव्या गाड्यांत १३४ए बंद केला, कारण ओझोन वाचला तरी पृथ्वी तापते. एक किलो १३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात जवळजवळ १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. नळी सोडून "फुस्स" करून जुना गॅस उडवून देणारा आमचा कारागीर त्या एका फुस्समध्ये अर्ध्या टनाहून जास्तीचा हिशेब करतो. म्हणजे गाडी गार करायला बदलापूर गरम. तो गॅस परत खेचून घ्यायचं यंत्र असतं, पण ते असलेल्या ठिकाणी रांग असते, आणि रांगेत एसी बंद ठेवावा लागतो.

मध्यंतरी सोसायटीत पहिली इलेक्ट्रिक गाडी आली. पेढे झाले. लगेच एकाने मालकाला धीर दिला, "याच्या एसीचं काही टेन्शन नाही. आपला माणूस आहे, शेहेचाळीसचं पॅग टाकेल, मक्खन." मी त्याला हात जोडले. इलेक्ट्रिक गाडीच्या कॉम्प्रेसरमध्ये मोटर आतच असते आणि तिच्या वेटोळ्यांवरून तोच गॅस आणि तेच तेल फिरतं. तिथे वीज आहे शेकडो व्होल्टची. म्हणून बहुतेक ठिकाणी वीज अडवणारं वेगळं पीओई तेल लागतं. पॅगचा थोडा अंश मिसळला तरी आतलं इन्सुलेशन कमकुवत होतं, आणि गाडी ते ओळखून जागेवर बसू शकते. एवढं ऐकून तो म्हणाला, "मग घट्ट तेल टाकू. दीडशे नंबर."

परवा काकांच्या गाडीचा एसी बसला. ऑर्डनन्सचा माणूस, त्यामुळे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. भिंग घेऊन स्टिकर वाचला, वहीत उतरवला आणि मला साक्षीदार म्हणून बरोबर घेऊन रस्त्याकडेच्या एसीवाल्याकडे गेले. पोरगा हुशार होता. सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती शोधली, कंडेन्सरजवळची ओ-रिंग बदलली, नवीन सीलबंद बाटली फोडून मापात तेल घातलं, व्हॅक्यूम मारला. काका घड्याळ लावून बसले होते. तिसाव्या मिनिटाला त्यांनीच मान डोलावली. मग पोराने साडेचारशे ग्रॅमचा डबा काढला आणि सवयीने विचारलं, "काका, पूर्ण भरू ना?"

या प्रश्नाला आमच्याकडे आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. पैसे डब्याचे घेतोस तर डबा भर, हा रोखठोक हिशेब. जास्त गॅसने दाब चढतो, गारवा कमी होतो आणि कधी कॉम्प्रेसर स्वतःच बंद पडतो, हे ज्याला माहीत आहे तोही तिथे उभा राहून म्हणतो, "भर भर, वाया कशाला घालवतोस?"

"तीनशे ऐंशी," काका म्हणाले.

पोरगा क्षणभर बघत राहिला. मग आतून वजनकाटा शोधून आणला, त्यावरची धूळ फुंकली, डबा ठेवला आणि आकडा उतरताना तिघंही टक लावून बसलो. बरोबर तीनशे ऐंशीवर त्याने चावी बंद केली. जाळीतून अशी गार हवा आली की काकांनी चपला काढून पाय पुढे केले. बोलले काही नाहीत, पण पद्मिनीचा विषय निघाला नाही.

पोराने बिल सांगितलं. काकांनी वही उघडली. "डबा साडेचारशेचा. भरला तीनशे ऐंशी. उरले सत्तर. त्याचे पैसे कमी कर."

"काका, डबा फोडला ना आता. डब्याचेच पैसे."

"मग सत्तर ग्रॅम मला दे."

"ते घरी नेऊन काय करणार तुम्ही?"

"ते माझं मी बघेन."

पाच-दहा मिनिटं तत्त्वाची चर्चा झाली. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. शेवटी पोराने डब्यावर मार्करने काकांचा फ्लॅट नंबर लिहिला, तो फळीवर वेगळा ठेवला आणि उधारीच्या वहीत, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, उलट्या बाजूने नोंद केली : काका, सत्तर ग्रॅम जमा. काकांनी तारीख घालून घेतली, सही घेतली आणि गाडीत बसता बसता काच खाली करून विचारलं, "आणि बाटलीत तेल उरलंय त्याचं काय?"